लेडीज खिडकीतल्या बाई

"मूठ मिट. मिटलीस? आता काढ हात."

आमच्या थिएटरच्या लेडीज खिडकीवर तुम्ही कधी तिकीट काढलं असेल, तर हे वाक्य तुमच्या कानावरून गेलेलं आहे. नुसतं तिकीट हातावर ठेवून बाई मोकळ्या होत नसत. तुमची बोटं स्वतः मिटायच्या, मुठीवर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एक टिचकी मारायच्या आणि मगच हात सोडायच्या. बाहेर ब्लॅकवाले टपून बसलेले असायचे. उघड्या हातातलं तिकीट पायरी उतरेपर्यंत तुमच्याकडेच राहील याची कुणी हमी देऊ शकत नव्हतं. आजीबाई असल्या तर "मिटा" म्हणायच्या, एवढाच काय तो फरक.

थिएटरचं नाव सांगत नाही. सांगितलं की लोक लगेच तिथे आपण कुठला पिक्चर कितीदा बघितला ते सांगत सुटतात आणि माझं बोलणं राहून जातं. गिरगावात होतं, एवढं पुरे. आता तिथे पत्रे लागलेत आणि पत्र्यांवर येणाऱ्या टॉवरचं चित्र आहे. बाईंचंही नाव सांगणार नाही. त्यांना ते खपलं नसतं. मॅनेजरपासून सफाईवाल्यापर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणायचे, आणि थिएटरात इतर बायका असूनही कुठल्या बाई, असा प्रश्न कधी कुणाला पडला नाही. गेल्या वर्षी बाई गेल्या. म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी लालबागची. टायपिंगची परीक्षा देऊन घरात माशा मारत बसले होते. आमच्या चाळीतल्या एका काकांनी मॅनेजरकडे शब्द टाकला आणि मला बाल्कनीच्या खिडकीवर नोकरी लागली. आईने आधी डोक्याला हात लावला. "थेटरात चेडवाक बसवतंस? लोक काय म्हणतले?" असं ती काकांना म्हणाली. मग एक दिवस स्वतः येऊन बाईंना बघून गेली. इस्त्रीची सुती साडी, घट्ट अंबाडा, नाकावर चष्मा आणि समोरच्या पुरुषाला एका वाक्यात जागेवर बसवणारा आवाज. आईचा जीव भांड्यात पडला.

बाईंनी पहिल्या दिवशी मला नाव विचारलं, ते ऐकलं आणि बाजूला ठेवून दिलं. शेवटपर्यंत मला त्या "ए लालबाग" अशीच हाक मारत होत्या.

बुकिंगची खोली म्हणजे एक अरुंद बोळ. स्टॉलची, बाल्कनीची आणि लेडीज अशा तीन खिडक्या एका ओळीत. खिडकी म्हणायची ती केवळ रीत म्हणून. वरच्या काचेला कुणी तरी कधी काळी हिरवा ऑइल पेंट फासून टाकला होता. खाली हात जाईल एवढं एक भोक, बस्स. बाहेरचा माणूस वाकून बोलला तरच त्याचा चेहरा दिसायचा. गर्दीत वाकायला कोण बसलंय? त्यामुळे आम्हाला दिवसभर दिसायचे ते नुसते हात.

आणि बाई हात ओळखायच्या. नखात पीठ असलं की "घाईत निघालीस वाटतं." मेंदी उतरत आलेली असली की "सासर मानवतंय ना?" हातावर पोळल्याचा डाग दिसला की तिकीट द्यायच्या आधी त्यावर काय लावलं याची चौकशी. मागे रांग ओरडत असायची. ओरडू दे. बाईंच्या खिडकीवर रांग बाईंच्या गतीने चालायची.

लेडीज खिडकीची रांग नेहमी छोटी. त्यामुळे पुरुषांचे नाना उद्योग चालायचे. कुणी रांगेतल्या अनोळखी बाईला ताई म्हणून पैसे द्यायचा, कुणी शेजारच्या काकूंनाच घरून धरून आणायचा. एका रविवारी एका पठ्ठ्याने कहर केला. बहिणीच्या बांगड्या मनगटावर चढवल्या आणि घातला हात भोकातून आत. रांगेतल्या बायकांना त्याने आधीच पटवलेलं असावं, कारण कुणी चकार शब्द काढला नाही. बाईंनी हात बघितला. शांतपणे मनगट पकडलं आणि विचारलं, "माहेर कुठलं गं तुझं?"

हात सुटायला बघतोय, बाई सोडत नाहीत. "लाजू नको. माहेर कुठलं? आणि आईने हातावरचे केस काढायला नाही शिकवलं?" रांग हसून हसून लोळायची बाकी राहिली. शेवटी आतल्या आत गुदमरल्यासारखा आवाज आला, "बाई, सोडा ना, चिराबाजार." मग त्याला तिकीट दिलं. मूठही मिटली. वर बांगड्या बहिणीला परत नेऊन दे, असं बजावलं.

तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. प्रत्येक खेळाचा छापील प्लॅन असायचा, त्यावर खुर्च्यांचे चौकोन. विकलेल्या खुर्चीवर निळ्या पेन्सिलीने काट मारायची आणि तोच नंबर तिकिटावर लिहायचा. म्हणजे थिएटरात कोण कुणाच्या शेजारी बसणार हे आमच्या हातात. आम्ही बाकीचे आपले ओळीने काट मारत जायचो. बाई विचार करायच्या. एकटी मुलगी आली की तिला दोन कुटुंबांच्या मधली खुर्ची. तान्हं मूल असलं की दाराजवळची, म्हणजे रडलं तर पटकन बाहेर पडता येईल. एकदा एक सासू-सून आल्या आणि खिडकीशीच त्यांची धुसफूस चालू झाली. बाईंनी दोघींना एकीच्या मागे एक अशा खुर्च्या दिल्या. सासू तणतणत परत आली. बाई म्हणाल्या, "पिक्चर बघायला आलात ना? मग बघा." इंटरव्हलला दोघी वडा खाताना दिसल्या. एकाच प्लेटमध्ये खात होत्या, हे मी स्वतः बघितलं.

आता ज्यासाठी हे सगळं सांगते आहे त्याकडे येते.

मी कामाला लागून बरेच दिवस झाले होते. रविवारच्या मॅटिनीला कधीमधी एक हात यायचा आणि बाई गप्प व्हायच्या. एरवी अखंड बडबडणारी बाई अशी गप्प झाली की शेजारच्या माणसाला कळतंच. लांब बोटं, काळसर हात, अंगठ्याशेजारी एक जुना व्रण. बाई तिकीट लिहायला नको इतका वेळ लावायच्या. तिकीट हातावर ठेवायच्या, बोटं मिटायच्या आणि मिटलेली मूठ तशीच दोन्ही हातांत धरून बसायच्या. मग बाहेरून कुणीतरी ओरडायचं आणि तो हात जायचा. एवढंच. वाकून बोलणं नाही, ओळख नाही. ती बाहेरची कोण होती ती कधी वाकलीच नाही.

एकदा मी चहाच्या वेळी विचारलंच. बाईंनी बशी खाली ठेवली.

"माझी मुलगी," त्या म्हणाल्या.

मग बाकीचं कळलं. मुलीने वरळीच्या बीडीडी चाळीतल्या मुलाशी लग्न केलं होतं. मुलगा शिकलेला, नोकरीतला, निर्व्यसनी. घर बौद्धांचं. बाईंच्या यजमानांना नोकरी, शिक्षण यांतलं काही दिसलं नाही, जात तेवढी दिसली. ऑफिसात हेच गृहस्थ सगळ्यांशी अहो-जाहो करणारे, चाळीच्या गणपतीत समतेवर भाषण ठोकणारे. पोरगी रजिस्टर लग्न करून पाया पडायला आली तेव्हा तिला त्यांनी दारातून परत पाठवलं आणि बाईंना शपथ घातली. तिचं तोंड बघितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील.

"तोंडाची घातली आहे," बाई म्हणाल्या. "हाताचं काही बोलले नाहीत."

मी तेव्हा तरुण, तोंडाळ. मला संताप आला. म्हटलं, बाई, तुम्ही शिकलेल्या, कमावत्या, आणि असल्या शपथा पाळता? बाई म्हणाल्या, मी मानत नाही गं. पण उद्या खरंच ह्यांना काही झालं, साधा ताप जरी आला, तरी मी आयुष्यभर काय करत बसू? म्हटलं, मग त्यांना "सुटली" म्हणायला लावा. लहानपणी आपण नाही का करायचो, ज्याने शपथ घातली त्याने "सुटली" म्हटलं की सुटते. बाई म्हणाल्या, सांगून बघितलं. ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहतात.

मुलगीही काही कमी नव्हती. बाबा बोलावतील तेव्हाच त्या घरात पाऊल टाकीन, हा तिचा हेका. मॅनेजरच्या केबिनमधून बाई तिला अधूनमधून फोन करायच्या, पण फोनवर दोघींचं भांडणच व्हायचं. ती म्हणायची तू बाबांना घाबरतेस, ह्या म्हणायच्या तुला माझं काही पडलेलं नाही, आणि फोन आपटला जायचा. मी बाहेरून ऐकलेलं आहे. खिडकीत मात्र भांडायला वाव नव्हता. म्हणून खिडकी बरी, असं बाई म्हणायच्या.

असं हे चाललं. एका पाडव्यानंतर त्या हातात हिरव्या बांगड्या आल्या. बाईंनी त्या मोजल्यासारख्या हलवून बघितल्या आणि माझ्याकडे वळून नुसती मान डोलावली. मग बोटं सुजलेली दिसायला लागली, अंगठी काढलेली. बाईंनी मोठ्याने, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं की मीठ कमी खा आणि पाय वर घेऊन बसत जा. बाहेरच्या चार बायकांनी त्याला दुजोरा दिला. त्यानंतर कित्येक आठवडे तो हात आला नाही.

आला तेव्हा एकटा आला नाही. आईने बाळाचं मनगट धरून त्याचा हात भोकातून आत घातला. एवढीशी मूठ, आधीच घट्ट मिटलेली. बाई म्हणाल्या, "अगं, ह्या मुठीला सांगावंच लागत नाही." आणि टेबलावर डोकं ठेवून रडायला लागल्या. त्या दिवशीची लेडीज खिडकी उरलेला वेळ मी चालवली. मुलगी झाली होती. ते रांगेतल्याच कुणीतरी वाकून सांगितलं.

मला विचाराल तर मी त्या माणसाला, बाईंच्या यजमानांना, कधी माफ केलं नाही. ते एकदा थिएटरवर छत्री घेऊन आले होते. सडपातळ, नीटनेटके, हळू आवाजात बोलणारे. मी सरळ तोंड फिरवलं. बाई मला नंतर रागावल्या. म्हणाल्या, वाईट नाहीत गं ते. एकदा तोंडातून निघालं आणि आता ते मागे कसं घ्यायचं हे त्यांना कळत नाही. मी म्हटलं, तोंडातून निघालेलं तोंडानेच मागे घेतात.

मग मध्ये मोठा खंड पडला. मुलीच्या सासूला अर्धांगाचा झटका आला आणि तिचं करण्यात मुलीचं घराबाहेर पडणं बंद झालं. रविवार येत होते, जात होते. बाई प्रत्येक रविवारी जरा बरी साडी नेसून यायच्या. आणि एका रविवारी त्यांच्याकडून ते घडलं. एक हात आत आला. लांब बोटं, काळसर. बाईंनी तो दोन्ही हातांनी धरला, दाबला आणि विचारलं, "पोरगी बरी आहे ना गं? शाळेत जाते?"

बाहेरून आवाज आला, "कोण पोरगी? मला दोन्ही मुलगे आहेत. अहो बाई, हात सोडा."

लोक हसले. मीही आधी हसले, मग बाईंकडे बघितलं आणि थांबले. त्यांनी तिकीट दिलं, मूठ मिटली, पुढची तिकिटंही दिली. चहाला मात्र उठल्या नाहीत. मी कप तिथेच नेऊन दिला. त्या म्हणाल्या, "चेहरा विसरले असते तर समजू शकले असते. तो बघितलेलाच नाही. डोळ्यांसमोर येते ती लग्नाआधीची, दोन वेण्या घालणारी. पण हात? आई असून मला हात ओळखता आला नाही?"

मी म्हटलं, व्रण बघितला नसाल. त्या म्हणाल्या, तेच तर. बघायचं सुचलंच नाही. कुणाचाही हात चालला असता की काय मला?

चहा तसाच निवला होता. मी कप उचलून नेला.

त्यानंतर मालकांनी बुकिंगचं नूतनीकरण काढलं. मल्टिप्लेक्सं आली होती, आपणही कात टाकावी असं त्यांना वाटलं. भिंत फोडली, तिन्ही खिडक्या काढल्या आणि समोर एक लांबलचक स्वच्छ काच बसवली. बोलायला माइक, ऐकायला स्पीकर, प्रत्येकापुढे कॉम्प्युटर. आम्हाला आनंद झाला. नवा पंखा मिळाला, उजेड आला, आणि मुख्य म्हणजे इतकी वर्षं हात देणारी माणसं पहिल्यांदा दिसायला लागली. मी तर काही दिवस सिनेमा बघावा तशी समोर बघत बसायचे.

बाई कॉम्प्युटर माझ्याआधी शिकल्या. त्याची त्यांना धास्ती नव्हती. त्यांची धास्ती काचेची होती. पहिल्याच दिवशी त्यांनी मॅनेजरला विचारलं, वरचा अर्धा भाग रंगवून घेता येईल का? मॅनेजरला वाटलं, डोळ्यांवर उजेड येतो म्हणून म्हणतायत. त्याने पडदा लावून देतो म्हटलं, पण लावला नाही. मग बाईंनी पुढच्या आठवड्याच्या पिक्चरचं पोस्टर आणलं आणि आपल्यापुढच्या काचेवर बरोबर चेहरा येतो तिथे चिकटवलं. मॅनेजरने ते काढायला लावलं. बाईंनी दरपत्रक चिकटवलं. तेही काढायला लावलं. लोकांनी विचारलं तर काय सांगू, असं तो म्हणाला, आणि त्याचं तरी काय चुकलं? खरं कारण त्याला माहीत नव्हतं आणि बाई ते सांगणार नव्हत्या.

"मला आता दारावर टाका, टॉर्च घेऊन उभी राहीन," असंही त्या एकदा म्हणाल्या. मी म्हटलं, आणि ती आली तर? कुठे शोधेल तुम्हाला? तर म्हणाल्या, "तिला फोन करून सांगितलंय, येऊ नको म्हणून." हे सांगताना आवाज अगदी नेहमीचा होता. पण बाई तो आठवडाभर लोकांना चुकीच्या खुर्च्या देत होत्या. बाईंच्या हातून असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

मुलगी कसली ऐकते! पुढच्याच रविवारी मॅटिनीला आली. सासू गेली होती, आता घरात अडकून पडायचं कारण नव्हतं. मी तिला पहिल्यांदा बघत होते, पण ओळखायला काही लागलं नाही. बाईंचंच नाक, चष्मा तेवढा नव्हता. बाजूला शाळकरी मुलगी, हनुवटी काउंटरला टेकेल एवढी. बाईंनी काचेखालून आलेला हात बघितला. व्रण होता. त्यांनी मान खाली घातली ती घातलीच. डोळे कीबोर्डवर.

"किती?"

"दोन."

बाई टाइप करत राहिल्या. स्क्रीनवर काय उमटत होतं देव जाणे. मग स्पीकरमधून, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा, तिचा आवाज आला.

"आई, वर बघ ना."

बाईंनी बघितलं नाही. तिकिटं छापून आली, त्यांनी ती हातात घेतली, पण काचेखालून सरकवेनात. मी माझ्या पुढच्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. मनात म्हणत होते, बघा हो बाई, एकदा बघा, काही होत नाही त्या माणसाला. बोलले मात्र नाही. हे माझं बोलायचं काम नव्हतं.

तेवढ्यात त्या छोटीने नाक काचेला दाबून धरलं आणि विचारलं, "ही आजी आहे?"

नातीच्या तोंडाबद्दल शपथेत काही नव्हतं. बाईंनी नातीकडे बघितलं. काचेला चपटं झालेलं नाक, वर दोन डोळे. नात हसली. मग बाईंचे डोळे तिच्या केसांवरून वर गेले, तिच्या खांद्यावर ठेवलेल्या हातावरून वर गेले आणि तिथे पोचले. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मागून कुणीतरी "चला ना, पिक्चर सुरू झाला" म्हणून ओरडलं तेव्हा बाईंनी तिकिटं सरकवली.

बुकिंग बंद झालं तसं त्यांनी पर्स उचलली आणि हिशेब न करता निघाल्या. मी विचारलं, कुठे? "घरी," म्हणाल्या. बाई कधी धावायच्या नाहीत. त्या दिवशी जवळजवळ धावत रस्ता ओलांडताना मी त्यांना बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर आल्या. पर्स ठेवली, बसल्या.

"आहेत," म्हणाल्या.

"कोण?"

"हे. आहेत. व्यवस्थित आहेत. मी जिना चढून वर गेले तर पेपर वाचत बसले होते. मला म्हणतात, आज लवकर? चहा टाकतेस ना?"

बाई हे सांगताना हसत होत्या की रागावल्या होत्या ते मला कळेना. बहुतेक दोन्ही. त्या म्हणाल्या, "मी दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होते. इतकी वर्षं मला वाटत होतं, ह्या माणसाला मी जिवंत ठेवलंय. लालबाग, ते आपोआपच जिवंत होते गं."

मग त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलं होतं. बघितलं मी तिचं तोंड, आज, खिडकीवर, आणि तुम्ही आहात अजून. ते पेपर तसाच तोंडापुढे धरून बसले. पान उलटेनात. गॅलरीतही गेले नाहीत. बाई चहा करून घेऊन आल्या तेव्हा पेपराआडून त्यांनी विचारलं, "बारीक झालीय का?"

सुटली वगैरे ते काही म्हणाले नाहीत. एवढंच विचारलं.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय? मला सांगता येईना." बाईंचा आवाज आता फुटला. "माझे डोळे भरलेले, त्यात ती काच. मला धड दिसलंच नाही काही. इतक्या वर्षांनी बघितलं आणि बारीक झालीय की जाड, हे सांगता येईना."

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, परत नीट बघून येते आणि सांगते."

पुढचं थोडक्यात सांगते. यजमान वरळीला कधी गेले नाहीत. त्यांची मान तेवढी शेवटपर्यंत ताठच राहिली. पण नात मे महिन्याच्या सुट्टीत गिरगावात राहायला यायला लागली, तिच्याबरोबर तिची आईही यायला लागली, आणि हे गृहस्थ दोघींना स्टेशनवर आणायला जायचे. लेकीने तेच बोलावणं मानलं. पुष्कळ जगले. म्हातारपणाने गेले, झोपेत. थिएटर त्याआधीच बंद पडलं होतं आणि मी एका दवाखान्याच्या रिसेप्शनवर लागले होते. बाई मधूनमधून फोन करायच्या, "ए लालबाग, जिवंत आहेस ना?" गेल्या वर्षी तो फोन त्यांच्या लेकीचा आला.

पण बाई म्हटलं की मला आठवतो तो त्या भेटीनंतरचा रविवार. बाईंनी रजा टाकली होती. नोकरीत पहिल्यांदा त्या रांगेत उभ्या राहून, काचेच्या बाहेरच्या बाजूने, माझ्याकडे आल्या. चांगली साडी, अंबाड्यावर गजरा, आणि शेजारी लेक आणि नात. मी तिघींना एका ओळीतल्या खुर्च्या दिल्या. मधली मला दे, असं त्यांनी बजावून सांगितलं.

बुकिंग बंद झाल्यावर मला राहवलं नाही. मी स्टॉलच्या दाराचा पडदा बाजूला करून आत डोकावले. डोअरकीपरने बोटाने ती ओळ दाखवली. पडद्यावर हाणामारी चालली होती आणि तिचा उजेड सगळ्यांच्या तोंडांवर पडत होता. सगळी डोकी समोर. एक डोकं तेवढं बाजूला वळलेलं. बाई खुर्चीत तिरक्या बसून लेकीकडे बघत होत्या. कपाळ, गाल, डोळ्यांखालचं काळं, हनुवटी, सगळं नीट बघत होत्या. घरी जाऊन सांगायचं होतं ना.

लेकीने त्यांना कोपराने हलवलं आणि पुढे बघ म्हणून खूण केली. बाईंनी हो म्हणून मान हलवली आणि तशाच बसून राहिल्या.